पायथ्यापुरतं

ऑर्डर आली तेव्हा शब्दालाच अडले.
बेड रनर. सहा नग.
मी विचारलं, अंथरायचं की पांघरायचं?
तन्वी बेदरकर फोनवर हसल्या,
काहीच नाही हो, पायथ्याशी नुसतं आडवं टाकायचं.

पायथा म्हटलं की मला डोणजे आठवतं,
गड उतरून आलेल्यांचे लालबुंद चेहरे, ताकाचे ग्लास.
पलंगालाही पायथा असतो
हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

नव्वद इंच लांब, वीस इंच रुंद.
गोधडीची एवढीशी पट्टी
जिच्याखाली कोणी झोपणार नाही.
कोरेगाव पार्कातले पाहुणे तिच्यावर बॅग उघडतील,
बुटांसकट आडवे होतील,
रात्री तिला खुर्चीवर भिरकावतील.
हे सगळं धरून मी आत जरा जाड वॅडिंग घेतलं.

कापड रविवार पेठेतलं, कटपीस, वजनावर.
मोरपंखी खण, राखाडी सुती,
आणि एक डाळिंबी,
ज्याच्या पक्क्या रंगासाठी दुकानदाराने
थेट स्वतःच्या मुलीची शपथ घेतली.

वारज्याच्या आमच्या दोन खोल्यांत
नव्वद इंच सलग जमीन एकाच जागी,
ओट्यापासून मोरीच्या उंबऱ्यापर्यंत.
सिलिंडर गॅलरीत ढकलून
मी गुडघ्यांवर सरकत तीन थर टाचते.
अस्तर ताणून फरशीला चिकटपट्टी,
दर चार बोटांवर पिन.
तरी मधेच पोटातल्या थराला चुणी पडते,
वरून दिसत नाही, हाताला कळते.
मग उसवा.

आतल्या खोलीत हणमंत झोपलेला.
चाकणची रात्रपाळी. सातला बसमधून उतरतो,
दोन पोळ्या खातो, खिडकीला चादर खोचून
दिवसाची रात्र करतो.
माणूस सहा फूट एक इंच, पलंग सहा फुटी,
माझ्या वडिलांनी लग्नात दिलेला, जावई न मोजता.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
याने कितीही पाहिलं तरी
पावलं बाहेरच.

आधी तो झोपला की मी मशीन बंद ठेवायचे.
हाताने धावदोरा घालत बसायचे, श्वाससुद्धा हळू.
एकदा तोच म्हणाला,
तू थांबलीस की जाग येते गं,
लाइन बंद पडली असं वाटतं.
तेव्हापासून बॉबिन बदलायचीही मला घाई.

पाच झाले. सहाव्यावर इस्त्रीआधी पाणी शिंपडलं
आणि डाळिंबी सुटला.
राखाडीवर, शेजारच्या तीन चौकोनांवर,
तोंडात पान धरून कोणी बोलत राहावं तसा.
मीठ लावून पाहिलं, मग व्हिनेगर,
मग वरच्या नफीसाने सांगितलेला खायचा सोडा.
डाग फिका झाला आणि मोठा झाला.
दुकानदाराच्या मुलीचं देव भलं करो.

बाईंना फोटो पाठवला.
राहू द्या, पाचच चालतील.
तेराशे रुपये. साडेतीन दिवस.
मी तो घडी करून मशीनखाली सारला
आणि उशांच्या अभ्र्यांचं काम घेतलं.

डिसेंबरात दुपारीही फरशी चावायला लागली.
कात्री शोधत आत गेले.
पलंगाच्या कडेबाहेर दोन पावलं,
टाचांना भेगा, सेफ्टी शूजने काळं पडलेलं एक नख,
एकमेकांवर घासून ऊब शोधत होती
त्याला न विचारता.

मशीनखालची पट्टी काढली.
आडवी टाकली.
वीस इंच,
नडगीच्या मध्यापासून बोटांच्या खाली वळेपर्यंत.
पुरली.
डाग नेमका अंगठ्यांवर आला.

तो डोळे न उघडता पुटपुटला,
का थांबली?

चालू करते म्हटलं,
आणि बाहेर येऊन
माझे गार पाय पायट्यावर ठेवले.